दुष्काळ : पाहा टंचाई

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. १९७२ च्या दुष्काळावर एक कादंबरी लिहावी असे माझ्या मनात फार दिवसांपासून होते. माझी आई तेव्हा तेरा वर्षांची होती आणि आमच्या माणदेशातल्या एका पाझर तलावाच्या कामावर तिने मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. घरात ऐकलेले पुष्कळ होते. पण ऐकीव गोष्टींवर एखादे प्रकरण उभे राहते, कादंबरी उभी राहत नाही. हजेरी कोण घेत असे, कामाचे मोजमाप कसे होई, मजुरी आठवड्याने मिळे की पंधरवड्याने, आणि ती थकली म्हणजे लोक कोणाकडे तक्रार करीत, हे मला कागदावर पाहावयाचे होते. म्हणून रीतसर अर्ज करून मी एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात गेलो.

तेथल्या बाईंनी नोंदवही उघडली, 'द' चे पान काढले, बोट वरून खाली नेले आणि म्हणाल्या, "सर, दुष्काळ नाहीये."

मला वाटले, बाई विनोद करीत आहेत. पण त्या गंभीर होत्या. पानावर दरखास्त होती, दवाखाना होता, दारूबंदी होती, देवस्थान होते, दुष्काळ नव्हता. "बहात्तर सालचे सगळे जळाले की काय?" असे मी विचारले, तेव्हा "जळालं असतं तर तशी नोंद असती," असे उत्तर आले. मी पिशवी उचलली. इतक्यात कोपऱ्यात चहा पीत बसलेले, निवृत्तीला आलेले एक शिपाईमामा म्हणाले, "गुरुजी, दुस्काळ मागू नका. टंचाई मागा."

'ट' च्या पानावर टंचाईखाली अर्धे पान भरलेले होते.

मला जे भांडण भांडावयाचे आहे ते ह्या दोन पानांमधल्या अंतराविषयी आहे. ते अंतर शिपाईमामांच्या डोक्यात होते, वहीत नव्हते. मामा आता निवृत्त झाले.

आधी माझी पायरी सांगून टाकतो. मी ग्रंथालयशास्त्री नव्हे. शिक्षणाने मॅट्रिक, म्हणजे दहावी पास. पुढे चित्रकला शिकवण्यापुरते प्रशिक्षण घेतले आणि शाळेत लागलो. चित्रकलेच्या मास्तराला तास कमी असतात असा मुख्याध्यापकांचा सार्वत्रिक समज आहे, आणि त्या समजापायी शाळेच्या ग्रंथालयाची किल्ली माझ्याकडे आली. कपाटे आठ, पुस्तके साडेतीन हजार, शिवाय जुन्या दिवाळी अंकांचे ढीग. त्यांची विषयवार यादी मी सहा वर्षे करीत आहे. ती पुरी झालेली नाही. तेव्हा ह्या लेखात जे चुकेल ते एका हौशी माणसाचे चुकणे समजावे. जे बरोबर असेल ते मात्र धूळ खाऊन शिकलेले आहे.

गेल्या वर्षी एका ग्रंथालय मेळाव्यात एका वक्त्यांनी सांगितले की, विषयशब्दांच्या याद्या ही आता अडगळ झाली. सगळी कागदपत्रे संगणकात घालावी, कोणाला हवा तो शब्द त्याने मारावा, यंत्र काढून देईल. ज्याला वाटेल त्याने पुस्तकाला वाटेल ते कीवर्ड लावावेत. शब्दांवर पहारा हवाच कशाला? सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण शेजारचे वाजवीत होते. घरी येताना एस. टी. मध्ये मला त्या टाळ्यांची लाज वाटू लागली.

कारण दुष्काळ त्या वहीत का नव्हता, ते मला तोवर समजले होते. त्यात बाईंची काही चूक नव्हती, आणि तिच्या आधी ज्या कारकुनाने वही घातली त्याचीही नव्हती. १९६३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन', म्हणजे दुष्काळ, हा शब्द काढून टाकण्याचा तो कायदा. त्याचे नावच तसे आहे, मी बनवलेले नाही. कारण असे दिले गेले की, शासनाचे पीकपाण्यावर सतत लक्ष असते, टंचाईची चिन्हे दिसताच मदतीची कामे निघतात, सबब दुष्काळ पडण्याला राज्यात आता वावच उरलेला नाही. म्हणून फॅमिन गेला आणि त्या जागी 'स्कॅर्सिटी' बसली. मराठीत दुष्काळ उठला आणि टंचाई बसली. हा कायदा करणारे लोक दुष्ट होते असे मी म्हणत नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये जशी माणसे मेली तशी पुन्हा मरू देणार नाही, ही त्यांची प्रतिज्ञा खरी असेल. पण त्यांनी प्रतिज्ञा करून शब्द पुसला आणि नवव्या वर्षी बहात्तर आला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या मदतकामांवर जवळजवळ ५० लाख माणसे राबत होती. ती सर्व, वहीच्या दृष्टीने, टंचाईवर राबत होती.

आता मेळाव्यातल्या वक्त्यांना मी विचारतो. हे गठ्ठे उद्या यंत्रात घातले आणि माझ्या आईच्या नातीने 'दुष्काळ' हा शब्द मारला, तर यंत्र काय काढून देणार? कागदात तो शब्दच नाही. तो लिहायचा नाही असे ठरलेले होते. कागदावर असेल ते यंत्र शोधील. कागदावरून जे हेतुपुरस्सर काढून टाकले ते कोणीतरी माणसाने बाहेरून, गठ्ठ्याच्या पाठीवर, लिहून ठेवले पाहिजे. त्या लिहिण्यालाच विषयशब्द देणे म्हणतात.

अलीकडे असेही ऐकतो की यंत्राला आता अर्थ कळू लागला, टंचाई आणि दुष्काळ ही भावंडे आहेत हे ते आपण होऊन ओळखते. ओळखत असेल. मग त्याने कोणते गठ्ठे पुढे केले आणि कोणते मागे ठेवले, आणि का, हे मी कोणाला विचारू? नोंदवहीत चूक असेल तर तिच्यावर बोट ठेवता येते. आणि आधी ते गठ्ठे यंत्रापर्यंत पोचले पाहिजेत. मी पाहिलेले तर सुतळीने बांधलेले होते आणि अर्ध्यांची सुतळी उंदरांनी खाल्लेली होती.

'नियंत्रण' ह्या शब्दाची मलाही चीड होती. कादंबरीकाराला शब्दांवर कोणी पहारा ठेवतो म्हटले की त्याच्या अंगावर काटा येतो, आणि यावा. ग्रंथालयाच्या लोकांनी आपल्या कामाला 'नियंत्रित शब्दसंग्रह' असे पोलिसी नाव का दिले, देव जाणे. पण काम हाती घेतल्यावर कळले की त्यात पुसण्याचा संबंधच नाही. दहा शब्दांतून एक पुढे करावयाचा, आणि उरलेल्या नऊ शब्दांच्या जागी एकेक पाटी ठोकावयाची : 'पाहा अमुक'. बस. 'क्षयरोग' हा शब्द पुढे केला तर 'टी. बी.', 'राजयक्ष्मा', 'क्षय' ह्या तिन्ही जागी चिठ्ठी हवी. वाचक कोणत्याही दाराने आला तरी एकाच खोलीत पोचला पाहिजे. १९६३ च्या कायद्याने एक शब्द पुढे केला ह्याची माझी तक्रार नाही. त्याने दुसऱ्या दारावर पाटी लावली नाही. दार भिंतीसारखे लिंपून टाकले, ही तक्रार आहे.

आपल्याकडे ह्याहून शहाणे काम तीनशे वर्षांपूर्वी झालेले आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला, तेव्हा फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आणणे हा उद्देश उघड होता. पण कोशकाराने फारसी शब्द गिळून टाकला नाही. तो लिहून त्याच्याशी संस्कृत शब्द जोडला. म्हणून आज जुने कागद वाचणाऱ्याला तो कोश दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतो. अमरकोशात एकेका वस्तूची सगळी नावे एका श्लोकात ओवलेली आहेत, वर्गवार, स्वर्गापासून पाताळापर्यंत. त्यात 'हा घ्या, तो टाका' असे सांगितलेले नाही, कारण अमरसिंहाला कपाटे लावावयाची नव्हती. पण नावे एकत्र बांधल्याशिवाय शोधता येत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, शहाणी माणसे बहुधा एकच शब्द योजतात. मी आमच्या नववीच्या वर्गात करून पाहिले. वर्तमानपत्रातले एक कात्रण मोठ्याने वाचले : एका गावची विहीर आटली, बायका टँकरची वाट पाहत उन्हात बसल्या, वगैरे. मग मुलांना म्हटले, हे कात्रण खोक्यात ठेवायचे आहे, खोक्यावर एकच शब्द लिहा. पाणी आले, विहीर आली, टँकर आला, उन्हाळा आला, 'बायकांचे हाल' आले, एकाने 'सरपंच' लिहिले (त्याचे वडील विरोधी पॅनेलमधले आहेत). पाणीटंचाई लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती जोडून लिहिली, निम्म्यांनी तोडून; म्हणजे संगणकाच्या लेखी ते दोन शब्द झाले. दुष्काळ असे लिहिणाऱ्या दोघीच. पुढे मला कळले की हाच खेळ अमेरिकेत फर्नास आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शास्त्रशुद्ध रीतीने केलेला आहे, १९८७ साली. एकाच वस्तूला दोन माणसे आपण होऊन एकच नाव देतील हा संभव पाचात एकाहूनही कमी निघाला. हे मोठ्या माणसांचे. आमची मुले काही वेगळी नाहीत.

मेळाव्यातल्या वक्त्यांच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे. त्यांनी तो दिला नाही, म्हणून मीच देतो. इंग्लंडात क्रॅनफील्ड येथे सिरिल क्लेव्हर्डन नावाच्या ग्रंथपालाने १९५७ च्या सुमारास सुरू करून जवळजवळ दहा वर्षे विषयशब्दांच्या निरनिराळ्या पद्धतींची कसोटी घेतली. विमानविद्येचे कागद, ठरलेले प्रश्न, आणि कोणत्या पद्धतीने किती कामाचे आणि किती बिनकामाचे कागद हाती येतात ह्याची मोजदाद. निकाल असा लागला की कागदातलेच सुटे शब्द उचलून केलेली साधी सूची पंडितांच्या घोटीव याद्यांना भारी पडली. पंडितांना तो निकाल फार लागला. यादी न करण्याचे समर्थन करणारे आजही त्याच्या आधाराने बोलतात, आणि तो आधार खोटा नाही.

परंतु ते कागद इंग्रजीत होते. इंग्रजी शब्द वाक्यात शिरला तरी आपले रूप फारसे बदलत नाही. मराठी शब्द वाक्यात शिरला की वेष पालटतो. 'मजूर' शोधा, 'मजुरांची हजेरी' सापडणार नाही, कारण दीर्घ जू गेला आणि ऱ्हस्व जु आला. 'विहीर' शोधा, 'विहिरीला पाणी नाही' निसटले. 'पाणी' शोधा, 'पाण्याचे' राहिले. आमच्या शाळेने जे सॉफ्टवेअर विकत घेतले त्यात मी हे सगळे करून पाहिले आहे. विकणाऱ्या गृहस्थांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "सर, इंग्लिशमध्ये बरोबर चालतं." ते खरेच बोलत होते. आणि दुसरे, विमानविद्येतल्या पंखाला सगळे पंखच म्हणतात. पंख हा शब्द गैरसोयीचा आहे म्हणून कोणत्या विधिमंडळाने त्याला कायद्यांतून काढलेले नाही. जेथे माणसे एका गोष्टीला एकच नाव देतात तेथे सुटे शब्द पुरतील. दुष्काळाच्या बाबतीत भूक भोगणारा एक नाव देतो आणि भूक मोजणारा दुसरे.

एका शब्दाच्या पोटात दोन गोष्टी असण्याचा त्रास निराळाच. आठवीतल्या एका मुलीला महादेव कोळ्यांविषयी लिहावयाचे होते. तिने संगणकावर 'कोळी' मारले आणि तिच्या पुढे जाळे विणणाऱ्या कोळ्यावरचे सचित्र पुस्तक आले. मुलगी हसली नाही. मीही हसलो नाही. त्या रात्री वहीत मी तीन कोळी वेगळे केले : कोळी (मच्छीमार), कोळी महादेव, आणि कोळी (कीटक). दुसऱ्या दिवशी शास्त्राच्या बाईंनी माझा तिसरा कोळी खोडला. त्याला आठ पाय असतात, तो कीटक नव्हे. आता तो कोळी (प्राणी) आहे.

मेळाव्यातल्या वक्त्यांशी भांडलो म्हणून दुसऱ्या टोकाचे लोक माझे मित्र ठरत नाहीत. हे लोक यादी मानतात. पण यादी त्यांना इंग्रजीतून उतरवून हवी असते. त्यांच्या यादीत आज दुष्काळावरचे पुस्तक 'आपत्ती व्यवस्थापन' ह्या शब्दाखाली जाते, भूकंप, चक्रीवादळ आणि कारखान्यातली आग ह्यांच्या शेजारी. आमच्या गावात कोणीही, अगदी तलाठीसुद्धा, 'यंदा आपत्ती व्यवस्थापन पडले' असे म्हणत नाही. चार्ल्स अमी कटर नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली सूचीचे नियम लिहिले. त्यात तो सांगतो, मांजरावरचे पुस्तक 'मांजर' ह्या शब्दाखाली ठेवा. प्राणिशास्त्र, सस्तन प्राणी, पाळीव प्राणी असल्या थोर शब्दांखाली नव्हे. दीडशे वर्षांपूर्वीची इतकी साधी गोष्ट. आणि आमचे रंगनाथन, जे मूळचे गणिताचे मास्तर आणि १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, त्यांनी १९३१ साली आपल्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवा असे एक सूत्रच घातले. बाई माझ्यासाठी 'द' चे पान शोधीत होत्या तेव्हा मला त्या सूत्राची फार आठवण झाली.

बरे, शब्द एकमेकांच्या जागी नुसते बसवून दिले की झाले, असेही नाही. सुरुवातीला मी स्वतः तो गाढवपणा केला. शाळेच्या वहीत 'टंचाई', 'अवर्षण' ह्या दोन्ही ठिकाणी 'पाहा दुष्काळ' असे ठोकून दिले आणि विधिमंडळावर सूड उगवल्याचे समाधान मानले. आईने ते ऐकले आणि विचारले, "पाऊस नाही पडला म्हणजे दुष्काळ व्हय?" तिचे बरोबर होते. पाऊस न पडणे हे अवर्षण. चारा, पाणी, धान्य कमी पडणे ही टंचाई. आणि घरात दाणा नाही, हाताला काम नाही, जनावर बाजारात कवडीमोलाने गेले आणि माणूस गाव सोडून चालू लागला, हा दुष्काळ. एकातून दुसरे निघते, पण निघालेच पाहिजे असे नाही. मध्ये कोणी मदतीला आले तर टंचाई टंचाईवर थांबते. तिन्ही एक करणे म्हणजे सरकारचीच चूक उलट्या बाजूने करणे. तेव्हा तिन्ही शब्दांना आपापली जागा दिली आणि प्रत्येकाखाली लिहिले, 'हेही पाहा'. 'पाहा' आणि 'हेही पाहा' ह्यांत केवढे अंतर आहे ते मला असे शिकावे लागले.

आणि मग 'ओला दुष्काळ'! २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके आणि मातीसुद्धा वाहून गेली, तेव्हा शेतकरी ओला दुष्काळ जाहीर करा म्हणून मागणी करीत होते, आणि सरकारचे म्हणणे असे होते की नियमांच्या पुस्तकात असा शब्दच नाही, सवलती मात्र दुष्काळाच्याच देऊ. पन्नास वर्षांनी कोणी ह्या दिवसांविषयी लिहू लागला, तर त्याला सरकारी कागद 'अतिवृष्टी' खाली सापडतील आणि शेतकऱ्याचे निवेदन सापडेल 'ओला दुष्काळ' म्हणून. त्या दोघांची भेट कोण घालून देणार?

सरकारला हे मुळीच जमत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बरीच वर्षे कागदोपत्री 'दुष्काळसदृश परिस्थिती' नावाची एक चीज चालत होती. वाघ नव्हे, वाघासारखे काहीतरी. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि २०१६ च्या मे महिन्यात शासनाने लिहून दिले की, 'दुष्काळसदृश' असे जेथे म्हटले असेल तेथे 'दुष्काळ' असे वाचावे. २९ हजारांहून अधिक गावांचा प्रश्न होता. ते शुद्धिपत्रक मी वाचले तेव्हा मला भारी गंमत वाटली. ही तर चोख 'पाहा' नोंद! आम्ही कपाटापुढे उकिडवे बसून जे करतो तेच, फक्त त्यासाठी कोर्टात जावे लागले.

शब्द कोणी ठरवावा, हा खरा तंट्याचा प्रश्न आहे, आणि तो आपल्यापुरताच नाही. सॅनफर्ड बर्मन नावाचा एक अमेरिकन ग्रंथपाल झांबियातल्या विद्यापीठात काम करीत होता. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशब्दांची यादी अर्ध्या जगात चालते. तिथेही तीच होती. तीत आफ्रिकेतल्या काही लोकांसाठी 'काफिर' हा शब्द होता. तेथल्या सहकाऱ्यांनी त्याला सांगितले की, ही आम्हांला शिवी आहे. त्याने १९७१ साली त्या यादीतल्या असल्या शब्दांवर एक पुस्तकच लिहिले आणि पुढे जन्मभर यादीवाल्यांना पत्रे लिहून सळो की पळो करून सोडले. त्याच यादीतल्या 'इल्लीगल एलियन्स' ह्या शब्दावर विद्यार्थ्यांनी हरकत घेतली. २०१६ साली ग्रंथालयाने तो बदलण्याचे ठरवले, तर तेथल्या संसदेतल्या मंडळींनी हात आडवा घातला, आणि शब्द बदलला तो २०२१ मध्ये. तेव्हा ग्रंथालयातल्या चिठ्ठीवरचा शब्द ही कारकुनी बाब आहे असे समजणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की विधिमंडळांना तसे वाटत नाही.

त्याच यादीत आज 'दलित' हा शब्द पुढे आहे आणि 'अनटचेबल्स' कडून तिकडे पाटी आहे. हा क्रम योग्य आहे. लोकांनी स्वतःसाठी पत्करलेले नाव पुढे, दुसऱ्यांनी लादलेले मागे. पण मागे म्हणजे नाहीसे नव्हे. विठ्ठल रामजी शिंद्यांच्या १९३३ च्या पुस्तकाच्या नावात अस्पृश्यता आहे, बाबासाहेबांच्या १९४८ च्या ग्रंथाचे नावच 'द अनटचेबल्स' आहे, आणि त्यांनी १९२७ साली काढलेल्या पत्राच्या नावात 'बहिष्कृत' आहे. सभ्यपणाच्या नादात हे जुने शब्द वहीतून काढले, तर ज्यांनी त्या शब्दांशी झुंज घेतली त्यांचेच लेखन सापडेनासे होईल. आमच्या एका शिक्षकमित्रांनी मला सुचवले होते, "वाईट शब्द ठेवताच कशाला?" हे गृहस्थ मनाने फार चांगले आहेत. १९६३ चे लोकही असेच मनाने चांगले असतील.

मग माझे मागणे काय? मराठीत विषयशब्दांची एक चालती यादी हवी. शब्द मराठी माणसाच्या तोंडातले हवेत. शास्त्राचा शब्द वेगळा असेल तर त्याच्या जागी पाटी. प्रत्येक शब्दापुढे तो कशासाठी वापरला आणि केव्हापासून वापरला ते लिहिलेले हवे. आणि दर वर्षी ती कोणीतरी पगारी, जबाबदार माणसाने तपासली पाहिजे. अमेरिकेतल्या वैद्यक ग्रंथालयाची अशी यादी १९६० पासून चालू आहे आणि दर वर्षी दुरुस्त होते. म्हणजे हे स्वप्नातले मागणे नव्हे. आमच्याकडे भाषा संचालनालय १९६० सालचेच आहे. त्याने पदनामे दिली, परिभाषा कोश दिले. त्यातल्या काही शब्दांना लोक हसले, तरी शब्द ठरवण्याचे काम सरकारी घरात होऊ शकते हे त्याने दाखवले. शंकर गणेश दात्यांनी १८०० पासूनच्या मराठी पुस्तकांची सूची केली. मराठी नियतकालिकांची जी सूची मी वापरतो ती १९५० ला थांबते, आणि माझ्या कामाचा बहात्तर तिच्या पलीकडे बावीस वर्षे उभा आहे. 'मनोरंजन' चा पहिला दिवाळी अंक १९०९ चा. तेव्हापासून आपण दर दिवाळीला लिहीत आलो. त्यात दुष्काळावर काय काय लिहिले गेले हे आज मला कोणी एका दुपारात सांगू शकेल का? माझ्या शाळेतल्या ढिगापुरते मी सांगू शकतो. त्याला मला दोन वर्षे लागली.

संमेलनाच्या व्यासपीठावरून मराठीच्या अभिजातपणाविषयी दर वर्षी बोलले जाते. बोलावे. पण त्या मांडवाच्या खर्चात चार माणसे वर्षभर चिठ्ठ्या लिहू शकतील, हे तेथे कोणी बोलत नाही.

कादंबरी अजून व्हावयाची आहे. गठ्ठे पाहून झाले. परत देताना मी त्या बाईंना विचारले, 'द' च्या पानावर एक ओळ लिहिली तर चालेल का. त्या म्हणाल्या, तसा अधिकार मला नाही, साहेबांना विचारावे लागेल. साहेबांची बदली झाली होती. शेवटी बाईंनी एका कोऱ्या चिठ्ठीवर 'दुष्काळ : टंचाई पाहावे' असे लिहून ती त्या पानाला टाचणीने लावली. ती टाचणी अजून आहे की नाही, मला माहीत नाही.

शाळेच्या वहीत माझा सध्याचा पेच 'मिलो' चा आहे. बहात्तरला अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी रेशनवर मिळत असे. तिच्यावर एक लेख जुन्या अंकात सापडला. धान्याखाली घालावा की दुष्काळाखाली, म्हणून मी आईला विचारले. ती म्हणाली, कुठे बी घाल. पर त्याला धान्य म्हणू नको.